खाद्यातल्या प्रिझर्वेटिव्हमुळे मासे वांझ होतेत का?

भाऊ, तुमचा प्रश्न सगळा नीट वाचला. आधी तुम्ही काय लिहिलंय ते थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या वाचणाऱ्यालाही संदर्भ लागंल. अंबाजोगाईच्या बाजूला तुमचं ३० बाय ३० बाय ३ मीटरचं प्लास्टिकचा कागद टाकलेलं शेततळं, त्यात रोहू आणि मृगळचे दोन-अडीच किलोचे ब्रूडर, म्हणजे अंडी-पिल्लांसाठी ठेवलेले नर-मादी. फेब्रुवारीपासून पोत्यातलं पेलेट खाद्य, मधूनमधून बेकरीचा उरलेला माल. मे महिन्यात माशांवर उवा दिसल्या म्हणून दुकानदाराच्या सांगण्यावरून २० लिटर फॉर्मालिन (पाण्यात विरघळवलेलं फॉर्मल्डिहाइड) टाकलं, त्या रात्री मासे वर येऊन तोंड उघडझाक करायला लागले, मोटर चालवून बरेच वाचवले, काही गेले. पाणी कमी पडलं तेव्हा गावाखालच्या नाल्यातून उपसून घातलं. जुलैत अंडी सोडायला लावणारं ओव्हाप्रिमचं इंजेक्शन दिलं तर चार माद्यांनी अंडी सोडलीच नाहीत, दोघींची गाठी-गाठी आणि रक्त लागलेली आली, बाकीच्यांची निम्म्याहून जास्त पांढरी पडली. आता पोत्यावर बीएचटी आणि इथॉक्सिक्विन ही प्रिझर्वेटिव्हची नावं वाचलीत, या केमिकलने मासे वांझ होतेत असं कुठंतरी ऐकलंत, आणि ते खाद्य बंद करून नुसती पेंड आणि कोंडा चालू करायचं म्हणताय.

खाद्य लगेच बंद करू नका. पोत्यावरच्या त्या दोन नावांनी तुमची अंडी बिघडली असं मला अजिबात वाटत नाही. अंडी मे महिन्यात बिघडली, फॉर्मालिनने आणि नाल्याच्या पाण्याने, आणि थोडा वाटा जुन्या खाद्याचाही असू शकतो पण तो प्रिझर्वेटिव्ह असल्याचा नाही, संपल्याचा. हे कसं ते सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं शेततळ्यात ब्रूडर ठेवणारे पोरं वाढलेत आणि सगळ्यांचं गाडं याच जागी अडकतंय.

पहिलं म्हणजे अंडं कधी भरतं ते समजून घ्या. लोकांना वाटतं अंडी पावसाळ्यात तयार होतेत. पावसाळ्यात ती फक्त सुटतेत. रोहू, कटला, मृगळ या माशांचं अंडाशय साधारण फेब्रुवारीपासून भरायला लागतं आणि मे-जून पर्यंत भरत राहतं. दिवस मोठा झाला, पाणी तापायला लागलं की मेंदू खालच्या पिट्युटरी ग्रंथीला इशारा देतो, ती अंडाशयाला देते, अंडाशय इस्ट्रोजेन सोडतं, ते रक्तातून लिव्हरला जातं आणि लिव्हर व्हिटेलोजेनिन नावाचं प्रोटीन बनवायला लागतं. हेच प्रोटीन रक्तातून अंड्यात जाऊन बलक होतं. म्हणजे बलक अंडाशयात बनत नाही, लिव्हरमधे बनतो, हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढं चार वेळा लागणार आहे. ओव्हाप्रिममधे काय असतं, तर सालमन माशाच्या हार्मोनसारखा एक कृत्रिम हार्मोन आणि डोमपेरिडोन. ते भरलेलं अंडं शेवटचं पिकवून सोडायला लावतं. जे अंडं उन्हाळ्यात भरलंच नाही ते कितीही इंजेक्शन दिलं तरी भरत नाही, म्हणून जुलैत डोस वाढवून दिला तरी तुमच्या चार माद्या तशाच राहिल्या.

आता आपल्या मराठवाड्याची अडचण बघा. आंध्रात, बंगालात मे महिन्यातही तळ्यात पाणी असतं. आपल्याकडं नेमकं अंडं भरायच्या महिन्यांतच तळं आटतं. बाष्पीभवनाने पाणी उडतं पण पाण्यात विरघळलेलं सगळं खालीच राहतं आणि घट्ट होत जातं, वरून पाणी तापतं, ऑक्सिजन कमी होतो. त्यात तुम्ही काहीही टाकलं, औषध असू द्या का नाल्याचं पाणी, ते दिवाळीत टाकल्यापेक्षा कितीतरी पट जास्त लागतं.

तुमचाच हिशोब करून दाखवतो. ३० बाय ३० बाय ३ चं तळं म्हणलं की दुकानदार २० लाख लिटर धरतो. काठ एकास एक उताराचे असले तर तळ २४ बाय २४ राहतो, आणि काठोकाठ भरलेल्या तळ्यात २१ लाख ९६ हजार लिटर पाणी बसतं, म्हणजे त्याचा अंदाज भरलेल्या तळ्यासाठी बरोबरच आहे. २० लाख लिटरला २० लिटर फॉर्मालिन म्हणजे १० पीपीएम (दहा लाख लिटरला १० लिटर), हलकाच डोस. पण तुम्ही लिहिलंय की मे मधे पाणी कमरेच्या थोडं वर होतं, म्हणजे एक मीटर धरू. एक मीटरला त्याच तळ्यात पाणी किती, तर फक्त सव्वासहा लाख लिटर! खोली तीनातली एक राहिली म्हणून पाणीही तिसरा हिस्सा राहिलं असं नसतं, तळं खाली निमुळतं असतं. तेच २० लिटर सव्वासहा लाखात टाकलं की झालं ३२ पीपीएम. तळ्यात वापरायची जी मर्यादा अमेरिकेत औषधाच्या लेबलवर लिहिलेली असते ती १५ ते २५ पीपीएम, आणि तीही थंड पाण्यात, एरेटर लावून.

बरं ३२ पीपीएमचा नुसता विषारीपणा नाही. फॉर्मालिन पाण्यातला ऑक्सिजन खातं. ढोबळ नियम आहे, दर ५ पीपीएम फॉर्मालिनमागे लिटरला १ मिलिग्रॅम ऑक्सिजन पुढच्या दीड दिवसात कमी होतो. तुमच्या ३२ ला ६.४ मिलिग्रॅम. मे मधल्या तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन काठोकाठ भरलेला असला तरी सातच्या आसपासच असतो, आणि पहाटे तर त्याहून कितीतरी कमी. म्हणून मासे वर आले. मोटर चालवली म्हणून वाचले, ते तुम्ही एकदम बरोबर केलं, त्या रात्री झोपला असता तर सकाळी सगळा माल काठाला लागला असता.

वाचलेल्या माशांचं काय झालं ते मात्र बाहेरून दिसत नाही. फॉर्मालिनने कल्ल्यांचा नाजूक पडदा भाजतो, मासा कितीतरी दिवस दमात राहतो आणि त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल चढतं. आपल्याला टेन्शन आल्यावर जे चढतं तेच. कॉर्टिसॉल चढलं की मासा जीव वाचवायच्या मागं लागतो, अंडी भरायचं काम मागं पडतं. ब्रिटनमधे ट्राउट माशांवर याचं काम झालेलं आहे, १९८९ मधे छापून आलं, माशांना नुसतं कॉर्टिसॉल वाढवून दिलं तर मादीच्या रक्तातलं इस्ट्रोजेन आणि व्हिटेलोजेनिन घटलं, अंडाशय लहान राहिलं. तिथं दुसरं काही विष दिलेलं नव्हतं. मग भरत आलेलं अंडं मादी परत शरीरात जिरवून टाकते. तुम्ही गाठी आणि रक्त म्हणताय ना, ते बहुतेक तेच, जिरायला लागलेलं अंडाशय. याला आपल्या हॅचरीवाल्यांच्या, म्हणजे माशांची पिल्लं काढणाऱ्यांच्या, भाषेत मादी ‘खाली बसली’ म्हणतेत.

आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की ज्याच्यासाठी टाकलं त्याला फॉर्मालिन लागतच नाही. कल्ल्यावरचे बारीक कृमी, ट्रायकोडिना नावाचा डोळ्याला न दिसणारा परजीवी, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग, यांच्यावर फॉर्मालिन चालतं. डोळ्याला दिसणाऱ्या चपट्या उवा, म्हणजे आर्गुलस, त्या तळ्यातल्या डोसला दाद देत नाहीत. उवा कडक जागेवर अंडी चिकटवतात, दगड, लाकूड, पाईप, आणि कागदाच्या तळ्यात तर सगळीकडं कडकच जागा. तळ्यात ठिकठिकाणी लाकडी फळ्या उभ्या सोडायच्या, दर आठ-दहा दिवसाला काढून कडक उन्हात खणखणीत वाळवायच्या, अंडी मरतेत. महिना-दोन महिने चिकाटीने केलं तर फरक स्पष्ट दिसतो. जाळं ओढाल तेव्हा प्रत्येक ब्रूडरच्या अंगावरच्या उवा चिमट्याने काढायच्या, ब्रूडर काय हजारो नसतेत, होतं. दुकानात उवांसाठी म्हणून जनावरांच्या गोचिडाचं किंवा पिकावरचं कीटकनाशक देतेत, ते फेब्रुवारी ते ऑगस्ट ब्रूडरच्या तळ्यात स्वतःच्या मनाने तर अजिबात टाकू नका.

फॉर्मालिन कधीच वापरू नये असं माझं म्हणणं नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात, पाणी थंड, तळं भरलेलं, अंडाशय आराम करत असतं, तेव्हा नवीन आणलेले ब्रूडर वेगळ्या टाकीत मोजून डोस देऊन धुवून घ्या, काही बिघडत नाही. त्यातही कॅन बघून घ्या, तळाला पांढरा गाळ बसला असंल तर ते फॉर्मालिन टाकून द्या, तो पॅराफॉर्मल्डिहाइड असतो आणि माशाला कितीतरी पट जास्त विषारी. आणि हातमोजे, तोंडाला मास्क, वाऱ्याकडं पाठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलेलं आहे, हे औषध हसण्यावारी न्यायचं नाही. तेच मेलेला मासा टिकवायला लावतेत म्हणून २०१८ मधे केरळात मोठी धरपकड झाली, ट्रकच्या ट्रक पकडले, कोचीच्या मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तपासायची पट्टीही काढली. अन्नात त्याला परवानगीच नाही. अंड्यांवरच्या बुरशीसाठी मॅलेकाइट ग्रीन पण अजून काही जण लपूनछपून वापरतेत. ते माशाच्या अंगात महिनोन् महिने राहतं, खायच्या माशात बंदी आहे, त्याच्या नादी लागूच नका. अंडी दाट टाकू नका आणि मेलेली अंडी लवकर काढा, बुरशी निम्मी तिथंच थांबते.

आता नाल्याचं पाणी. तुम्ही याच्यावर एकच ओळ लिहिलीय पण मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटली.

गावाच्या नाल्यात काय येतं, मोरीचं पाणी येतं. साबण, शाम्पू, क्रीम, पेस्ट, कपड्याची पावडर, आणि संडासचं पाणीही येतंच. शाम्पू-क्रीम खराब होऊ नये म्हणून त्यात पॅराबेन नावाचं प्रिझर्वेटिव्ह घालतेत, मिथाइल, इथाइल, प्रोपाइल, ब्युटाइल असे त्याचे प्रकार. तुम्ही जे वांझ करणारं केमिकल म्हणून ऐकलंत ना, ते खरं तर या घराण्याला लागू पडतं, खाद्यातल्या बीएचटीला नाही. पॅराबेनचा आकार असा की माशाचं शरीर त्याला इस्ट्रोजेन समजतं. प्रोपाइल आणि ब्युटाइल जास्त, मिथाइल अगदी कमी. डेन्मार्कमधे २००० च्या आसपास रेनबो ट्राउटवर आणि नंतर जपानात मेडाका नावाच्या लहान माशावर हे तपासलं, तर नराच्या अंगात व्हिटेलोजेनिन बनायला लागलेलं सापडलं. नराला बलकाचं काय काम! पण लिव्हर नरातही तीच असते, बलक बनवायचा जीन नरातही असतो, फक्त इस्ट्रोजेनचा हुकूम नसतो म्हणून झोपलेला असतो. बाहेरून खोटा हुकूम आला की लिव्हर कामाला लागते, ते प्रोटीन जायला अंडं नसतं म्हणून रक्तात साचतं, लिव्हर-किडनीवर ताण येतो, आणि इस्ट्रोजेनचा मारा चालू राहिला तर वीर्य पातळ पडतं. युरोपने २०१४ मधे कॉस्मेटिकमधे पाच प्रकारच्या पॅराबेनवर बंदी आणली आणि प्रोपाइल-ब्युटाइलची मर्यादा ०.१४ टक्क्यांवर खाली आणली.

हे आपल्याकडच्या पाण्यात असतं का, असतं. तमिळनाडूतल्या कावेरी, वेल्लार, ताम्रपर्णी या नद्यांच्या पाण्यात पॅराबेन आणि ट्रायक्लोसान सापडल्याचं २०११ मधे छापून आलंय. ट्रायक्लोसान म्हणजे साबण-पेस्टमधलं जंतू मारणारं, अमेरिकेने २०१६ मधे हात धुवायच्या साबणातून ते काढायला लावलं.

पण इथं प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की पॅराबेन खऱ्या इस्ट्रोजेनच्या मानाने हजारो पटींनी कमजोर आहे, नाल्यात त्याचं प्रमाणही फार कमी असतं, एकट्या पॅराबेनने तुमच्या माद्या बिघडल्या असं कुणी सांगितलं तर मी मानणार नाही. नाल्यात ते एकटं येत नाही ही खरी गोष्ट आहे. सोबत माणसाच्या शरीरातून बाहेर पडलेले हार्मोन येतेत, कुटुंब नियोजनाच्या गोळ्यातलं इस्ट्रोजेन येतं, काही डिटर्जंटमधून नॉनिलफिनॉल येतं, आणि सगळे मिळून एकाच लिव्हरवर एकाच बाजूने ओढतेत. इंग्लंडमधे शहरांच्या सांडपाण्याच्या खालच्या अंगाला रोच जातीच्या नर माशांच्या वृषणात अंडी सापडली होती, १९९८ मधे ते काम छापून आलं आणि सगळं जग हादरलं. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात तर एक अख्खा तलाव प्रयोगाला घेतला, २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे त्यात गोळीतलं इस्ट्रोजेन सोडलं, लिटरला ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम आणि तसले पाच-सहा. फॅटहेड मिनो नावाचा छोटा मासा त्या तलावातून जवळजवळ संपला. मारून नाही संपला, पिल्लंच होईनात म्हणून संपला. सोडणं बंद केल्यावर काही वर्षांनी तो परत वाढला, हीपण त्याच प्रयोगातली गोष्ट आहे आणि तुमच्यासाठी महत्त्वाची आहे.

तुमच्या तळ्यात एक मीटर पाणी असताना नाल्याचं समजा १ लाख लिटर घातलं तर तळ्यातल्या दर शंभर लिटरमधे जवळपास १४ लिटर नाला झाला. भरल्या तळ्यात तेवढंच घातलं असतं तर चार-साडेचार लिटर झाला असता. आणि वेळ कोणती, तर लिव्हर बलक बनवत असतानाची. त्यापेक्षा बोअरचं थोडंच पाणी द्या, विकतचा टँकर घ्या, तेही नाही जमलं तर एप्रिलमधेच ब्रूडरची संख्या कमी करा आणि जे उत्तम आहेत तेवढेच ठेवा, पण नाला नको. गोदावरी, मांजरा, कुठल्याही मोठ्या गावाच्या खालच्या अंगाला नदीवरून पाणी उचलणाऱ्यालाही माझं हेच सांगणं आहे, पाणी गावाच्या वरच्या अंगाला उचला. पैठणला नाथसागराच्या पाण्यात किंवा येलदरी-सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यात जी गोष्ट आहे ती शहर ओलांडून आलेल्या पाण्यात राहत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नावर, म्हणजे पोत्यावर. माशाच्या खाद्यात तेल असतं, फिशमील म्हणजे वाळवलेल्या माशांचा चुरा असतो, आणि माशाचं तेल लई लवकर खवट होतं. ते होऊ नये म्हणून बीएचटी, बीएचए किंवा इथॉक्सिक्विन घालतेत. फिशमील जहाजातून नेताना आपोआप तापून पेट घेऊ शकतं, म्हणून इथॉक्सिक्विनची सवय तिथून लागलेली आहे. मर्यादा बहुतेक ठिकाणी किलोला १५० मिलिग्रॅम. तुमची दोन किलोची मादी रोज वजनाच्या दोन टक्के म्हणजे ४० ग्रॅम खाद्य खाते, तर पूर्ण मर्यादेएवढं घातलेलं असलं तरी दिवसाला ६ मिलिग्रॅम तिच्या पोटात जातं. प्रयोगशाळेत बीएचएने इस्ट्रोजेनसारखी हलकी हालचाल दाखवलेली आहे, इथॉक्सिक्विन माशाच्या मासात आणि चरबीत साठतं हेही खरं आहे, आणि त्याची सुरक्षितता नक्की ठरवता आली नाही, त्यातल्या एका अशुद्ध घटकावर शंका होती, म्हणून युरोपने २०१७ मधे खाद्यातली त्याची परवानगी थांबवली. म्हणून दोन पोती समोर असतील आणि एकावर व्हिटॅमिन ई किंवा टोकोफेरॉल वापरल्याचं लिहिलेलं असंल तर ब्रूडरसाठी तेच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. पण एका हंगामात अंडी पांढरी पडावीत एवढं काम हे करत नाही.

करतं ते खवट खाद्य. दुष्काळात घरातला थोरला आधी आपण उपाशी राहून लेकरांना घालतो तसं हे बीएचटी आधी आपण खर्च होतं आणि तेलाला वाचवतं. खर्च होऊन संपलं की पुढं तेलाची पाळी, आणि तेल खवट होताना खाद्यातलं व्हिटॅमिन ई संपवून टाकतं. व्हिटॅमिन ई सापडलंच मुळी प्रजननामुळे, १९२२ मधे उंदरांवर काम करताना कळलं की हे नसलं तर गर्भ टिकत नाही. माशाचं अंडं तर लई नाजूक, त्याच्या बलकात तेल भरपूर, व्हिटॅमिन ई आणि सी कमी पडलं की अंडं फळतं पण पिल्लू बाहेर येत नाही. तुम्ही पोती पत्र्याच्या शेडमधे ठेवलीत म्हणून लिहिलंय. मे मधे आपल्याकडं बाहेर ४२, त्या पत्र्याखाली हात लावू देत नाही. तिथं फेब्रुवारीचं पोतं मे पर्यंत टिकत नाही, त्यावर तारीख काहीही असू द्या. मूठभर पेलेट हातात चोळून नाकाला लावा, जुन्या तेलाच्या डब्यासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर ब्रूडरला घालू नका. एका वेळी महिनाभराचंच आणा, लाकडी फळीवर भिंतीपासून लांब ठेवा, घरातल्या थंड खोलीत ठेवलं तर उत्तमच.

आणि नुसती पेंड-कोंडा करायचं म्हणताय, त्यात दोन धोके आहेत जे कुठल्याही प्रिझर्वेटिव्हपेक्षा मोठे आहेत. शेंगदाणा पेंड दमट झाली की बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते थेट लिव्हरवर जातं. आता आठवा, बलक कुठं बनतो. अमेरिकेत १९६० च्या सुमारास ट्राउटच्या हॅचऱ्यांमधे माशांना लिव्हरचा कॅन्सर पसरला होता, शोधत शोधत गेले तर बुरशी लागलेल्या सरकीच्या पेंडीतलं अफ्लाटॉक्सिन निघालं. म्हणून खाद्यात बुरशी रोखायला प्रोपिओनेट घातलेलं असलं तर मी त्याला चांगलंच म्हणतो, ते पाण्यात लवकर कुजून जातं आणि हार्मोनच्या वाटेला जात नाही. दुसरा धोका सरकी पेंडीचा. आपला कापसाचा भाग, सरकी स्वस्त मिळते, पण तिच्यात गॉसिपॉल असतं, ज्याच्यावर चीनमधे पुरुषांची गर्भनिरोधक गोळी म्हणून अभ्यास झाला होता. नर ब्रूडरला सरकी नकोच. ब्रेड-टोस्टमधलंही प्रिझर्वेटिव्ह तेच कॅल्शियम प्रोपिओनेट, त्याची भीती बाळगू नका, पण बेकरीचा माल म्हणजे मैदा आणि डालडा, मादीच्या पोटात अंड्याच्या जागी चरबी साठते, पोट मोठं दिसतं, आपण पिकली म्हणून इंजेक्शन देतो आणि ती अंडी सोडत नाही. तुमच्या चारातली एखादी अशीही असंल.

पुढच्या वेळी अंडी बिघडली तर कधी बिघडली ते लिहून ठेवत जा, त्यावरून कारण सापडतं. पहिल्या तीन-चार तासातच पांढरी पडली तर ती फळलीच नाहीत, नराकडं बघा, वीर्य दुधासारखं दाट होतं का पाण्यासारखं. आत पिल्लाचा आकार दिसायला लागला आणि मग मेली तर अंड्याचा कस किंवा हॅचरीचं पाणी. मादीने सोडलीच नाहीत तर उन्हाळा. तुमच्याकडं पहिली आणि तिसरी अशा दोन्ही गोष्टी आहेत, म्हणजे नर-मादी दोघांनाही लागलंय, आणि दोघांना एकदम लावणारी गोष्ट पाण्यातली असते, फॉर्मालिन आणि नाला. पावसाने ओढ दिली तर भरलेली मादीही वाट बघून अंडी जिरवते, हेही आपल्याकडं दर दोन-तीन वर्षांनी होतंच, त्याचा दोष कशालाच देऊ नका.

हे ब्रूडर विकून टाकायची घाई नको. ज्यांचे कल्ले आता लालभडक आहेत, खाद्याला झेप घेतेत, ते ठेवा. अंडाशय दरवर्षी नव्याने भरतं, जिरलेली अंडी जिरून गेली की पुढच्या वर्षी मादी परत चालते. तळं आता भरलेलं आहे तोवर निम्मं पाणी पिकाला देऊन टाका आणि पावसाचं नवं घ्या. डिसेंबरात जाळं ओढून नर-मादी वेगळे करा, एकरी हजार किलोच्या वर ब्रूडर ठेवू नका, तुमच्या नऊ गुंठ्याला सव्वादोनशे किलो लई झाले. फेब्रुवारीपासून भुवनेश्वरच्या सिफा संस्थेचं ब्रूडरसाठी बनवलेलं सिफाब्रूड मिळालं तर ते द्या, नाही मिळालं तर २८ ते ३० टक्के प्रोटीनचं ताजं खाद्य, वजनाच्या दोन टक्के. उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे, एक मेलेला ब्रूडर बर्फात घालून तिथं नेला तर लिव्हर आणि अंडाशय उघडून बघतेत का विचारा, अंदाजापेक्षा ते केव्हाही बरं. आणि मार्चपासून दर रविवारी काठावर पाण्याची उंची खुणेच्या काठीवर बघून वहीत लिहा, शेजारी त्या उंचीला किती लिटर तेही लिहून ठेवा. दीड मीटरला साधारण दहा लाख, दोन मीटरला साडेतेरा लाख, म्हणजे दुकानदाराने काहीही सांगितलं तरी हिशोब तुमच्याकडं असंल.